मराठीच्या पेपरला मी एकटी

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी ज्या शाळेत शिकले, त्या शाळेत मी सगळी मिळून नऊ-दहा वेळा गेले असेन. इंदूरमध्ये याला डमी म्हणतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. नाव शाळेच्या हजेरीपटावर आणि मुलगी कोचिंगमध्ये. शाळा हजेरी लावते आणि बोर्डाच्या परीक्षेला बसू देते. शिकवायचं काम कोचिंगवाले करतात, तेही फक्त इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेपुरतं. माझा युनिफॉर्म दोन वर्षांनंतरही नवाकोरा होता, फक्त आखूड झाला होता.

सकाळी साडेआठला बाबा स्कूटर काढून पोलोग्राउंडला जायचे. तिथं पंप बनवणाऱ्या एका छोट्या फॅक्टरीत ते फोरमन होते. पाठोपाठ आई तिच्या ऑफिसला निघायची. माझं कोचिंग तीनला. मधल्या सहा तासांत मी, माझं टेबल आणि वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज, एवढंच घरात. तोंडातून शब्द निघायचं कारणच नसे. तीन वाजता वर्गात हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणायची वेळ आली की आधी घसा खाकरावा लागायचा. कोचिंगमध्येही मैत्रीची सोय नव्हती. दर पंधरा दिवसांनी टेस्ट आणि टेस्टच्या नंबरावर बसायची जागा. शेजारणीचं नाव कळेपर्यंत एक तर ती पुढच्या बाकावर जायची, नाहीतर मी. बहुतेक वेळा मीच जायची.

ही फुशारकी आहे, पण खरी आहे. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, हे मला फार छान जमायचं. अर्ध्या प्रश्नांत तर उत्तर आधी दिसायचं आणि कारण मागून यायचं. पण पायऱ्या मांडून लिही, सविस्तर लिही, म्हटलं की हात अडायचा. दोन वर्षांत मी एक धड परिच्छेद लिहिला नव्हता. त्याची काळजी कुणालाच नव्हती. कोचिंगचे सर म्हणायचे, "बोर्ड तो हो जाता है." सगळ्यांचं होतच होतं.

नियम मात्र होता. देशातल्या नावाजलेल्या सरकारी कॉलेजांत जायचं तर प्रवेश परीक्षेतला नंबर कितीही वरचा असो, बारावीला पंचाहत्तर टक्के हवेत. पाच विषय, पाचशे मार्क, त्यातले तीनशे पंचाहत्तर. म्हणून डमीतली शहाणी मुलं पाचवा विषय फिजिकल एज्युकेशन घेतात. खेळायचं नाही, धावायचं नाही, दोन दिवस गाइड वाचायचं आणि नव्वद मार्क घेऊन यायचे.

बाबांनी मला मराठी घ्यायला लावली.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. बाबांचं म्हणणं असं, की एवढ्या पिढ्या मराठी टिकली ती घरात बोलल्यामुळे, आणि आता ती कागदावरही यायला पाहिजे. त्यांची स्वतःची मराठी अर्धी हिंदी होती ही गोष्ट वेगळी. रागावले की मला हिंदीत सांगायचे, "मराठी में बोल ना!" आई म्हणायची, "अहो, फालतू रिस्क कशाला? फिजिकल घेऊ द्या ना तिला." बाबा म्हणायचे, "अगं, घरचीच भाषा आहे. त्यात टेन्शन काय घ्यायचं?"

शाळेत मराठी शिकवणारं कुणी नव्हतंच. बाबा अर्ज घेऊन दोनदा प्रिन्सिपलकडे गेले, बोर्डाच्या यादीत विषय आहे हे त्यांना कागदावर दाखवलं आणि परवानगी काढून आणली. भुसावळच्या एका नातेवाईकाकडून पाठ्यपुस्तक मागवलं आणि त्याला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं.

बोर्डाचा फॉर्म भरायला आम्ही दोघं शाळेत गेलो. बाबा माझ्या दहावीच्या मार्कशीटची झेरॉक्स काढायला बाहेर गेले, तेव्हा ऑफिसातल्या बाबूजींनी फॉर्मवरून मान वर केली. म्हातारे, भले गृहस्थ होते. म्हणाले, "बिटिया, अभी भी टाइम है. फिजिकल लिख देता हूं. पापा को मैं समझा दूंगा."

फॉर्म पेन्सिलीनं भरलेला होता. मी नुसती मान हलवली असती तर संपलं असतं. मी म्हटलं, "नहीं सर, मराठी ही रखिए."

का म्हटलं? थोडं बाबांसाठी, हे खरं. त्या परवानगीच्या कागदाची घडी खिशातून काढताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. पण जास्त माझ्या गुर्मीपायी. मला वाटलं, फिजिक्सची नाही भीती, तर मराठीची कसली? बाबूजींनी पेन्सिलीवर पेन फिरवलं आणि मी सही केली. बाबा आले, आम्ही निघालो. फाटकापाशी आल्यावर त्यांना आठवलं की हेल्मेट ऑफिसातच राहिलं. ते परत जाऊन घेऊन आले आणि घरी येईपर्यंत स्कूटरवर काहीतरी गुणगुणत होते.

त्यानंतर दर रविवारी सकाळी बाबा ते पुस्तक घेऊन माझ्या दाराशी यायचे. "एक धडा करायचा का?" दर रविवारी मी म्हणायची, "बाबा, मराठी येते मला. डिस्टर्ब नका ना करू." ते दार लोटून जायचे. पुस्तकात त्यांनी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या, हे मला परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं, जेव्हा मी ते पहिल्यांदा उघडलं.

मराठीच्या पेपरला मी एकटी होते. सेंटरवर त्या दिवशी मराठीची दुसरी परीक्षार्थीच नव्हती. चाळीस बाकांची खोली, मधल्या रांगेत मी आणि समोर दोन मॅडम. माझ्या एकटीसाठी पेपरचं सीलबंद पाकीट आलं, ते माझ्यासमोर फोडलं आणि साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली. एक मॅडम दुसरीला म्हणाल्या, "एक बच्ची के लिए दो लोगों की ड्यूटी." मला उगाच अपराधी वाटलं, जेवायच्या वेळी परक्या घरी पोचल्यासारखं.

पेपर अवघड नव्हता, हेच वाईट. सगळं समजत होतं. निबंध होता, पत्र होतं, कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न होता. मला सांगता आलं असतं सगळं; समोर आत्या बसली असती तर तासभर बोलले असते. लिहायला घेतलं तर तीन ओळींत संपायचं. इतर पेपरांना निदान आजूबाजूला पानं उलटण्याचे आवाज येतात, ते ऐकून माणूस घाबरून तरी लिहितो. इथं पंख्याखेरीज आवाज नव्हता. शेवटचा पाऊण तास मी रिकाम्या बाकांकडे बघत बसले.

आधी प्रवेश परीक्षेचा निकाल आला. नंबर एवढा वर होता की कोचिंगवाल्यांनी माझा फोटो फाटकावर लावला. आईनं पेढे वाटले. बाबांनी नकाशात कॉलेजची गावं काढली आणि तिथं थंडी किती पडते, हे फोनवर बघून ठेवलं. मग बोर्डाचा निकाल आला. फिजिक्स चौऱ्याऐंशी, केमिस्ट्री एकोणऐंशी, मॅथ्स अठ्ठ्याऐंशी, इंग्रजी चौऱ्याहत्तर. मराठी सत्तेचाळीस. एकूण तीनशे बहात्तर.

तीन मार्क कमी.

रीचेकिंगला टाकलं. एक मार्क वाढला. माझ्या नंबराच्या आसपासची मुलं कॉलेजं निवडत होती आणि मी घरात बसून आकडेमोड करत होते, जणू पुन्हा मिळवल्यावर बेरीज बदलणार होती. फोटो मात्र फाटकावर तसाच होता. मी कोचिंगचा रस्ता सोडून लालबागच्या बाजूनं लांबून जायला लागले.

आईनं बाबांना सोडलं नाही. "मी सांगत होते ना तुम्हाला? पोरीचं वाटोळं केलंत तुमच्या मराठीपायी." सकाळी, जेवताना, पाहुण्यांसमोर. बाबा एक अक्षर बोलायचे नाहीत. मान खाली घालून जेवायचे. आणि मी समोरच बसलेली असायची, पोळीचा तुकडा मोडत. मला सांगायला हवं होतं की आई, मला विचारलं होतं. पेन्सिलीनं होतं सगळं, खोडता आलं असतं. दर रविवारी ते दाराशी यायचे आणि मी त्यांना हाकलायची. हे मी एकदा जरी बोलले असते तरी पुरलं असतं. पण आई त्यांच्यावर चिडली होती तोवर माझ्यावर चिडत नव्हती, आणि ते मला बरं पडत होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

निकालाच्या संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं, बेटा." मला वाटलं, धीर द्यायला हिंदीत बोलले असतील. पण दुसऱ्या दिवशीही "खाना खा लिया?" आणि तिसऱ्या दिवशीही. आठवडा गेला, महिना गेला. आईशी मराठीत, फोनवर काकांशी मराठीत, माझ्याशी हिंदीत. कधी रागावून नाही, अगदी मऊ आवाजात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीलाही त्या वर्षी गेले नाहीत. मी मराठीत उत्तर द्यायची, ते हिंदीत पुढचं विचारायचे. कॉलेज गेल्याचं दुःख मला करता येत होतं, त्याला नाव होतं. याचं काय करायचं ते कळत नव्हतं. बाबा घरातच होते आणि मला त्यांची आठवण येत होती.

एक वर्ष घरी बसले. फिजिकल एज्युकेशनचा जादा पेपर दिला आणि खुर्चीतून न हलता ब्याण्णव मार्क मिळवले. टक्केवारीचा प्रश्न मिटला. पण जुना नंबर पुढच्या वर्षी चालत नाही, प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि त्या वर्षी माझं डोकंच लागलं नाही. उत्तर आधी दिसायचं ते दिसेनासं झालं. पहिल्या वर्षी नंबर होता, मार्क नव्हते. दुसऱ्या वर्षी मार्क होते, नंबर नव्हता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. मग इंदूरमधल्याच एका कॉलेजात गेले. तिथं बारावीची मार्कशीट कुणी नीट बघितलीही नाही.

आता मी एका बेंगळुरूच्या कंपनीचं काम करते, त्याच खोलीत, त्याच टेबलावर. दिवसभर स्क्रीनवर माणसं असतात, पण माझा माइक बहुतेक बंदच असतो. बाबा रिटायर झालेत. संध्याकाळी दारात येऊन विचारतात, "चाय लेगी?" इतक्या वर्षांत मराठी वाचायची सवय मी एकटीनंच लावून घेतली. त्या कॅलेंडरच्या कव्हरच्या पुस्तकापासून सुरुवात केली, बाबांच्या खुणा होत्या त्या धड्यांपासून. त्यांना सांगितलं नाही.

या हिवाळ्यात आई देवासला मावशीकडे गेली होती. रविवार होता. कचोरीसाठी बाबा गच्चीवर बटला सोलत बसले होते. बटला म्हणजे मटार, आमच्याकडे हेच म्हणतात. मी समोर बसून सोलायला लागले. अर्धं भांडं भरलं. मग मी ठरवलं नसताना माझ्या तोंडून निघालं.

"बाबा, फॉर्म भरला ना, त्या दिवशी तुम्ही झेरॉक्सला गेला होता. बाबूजींनी मला विचारलं होतं, फिजिकल लिहू का म्हणून. मीच नाही म्हटलं. तुमची चूक नव्हती."

त्यांचे हात थांबले नाहीत. शेंग सोलून दाणे भांड्यात टाकत म्हणाले, "मालूम है."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. ते म्हणाले, "हेल्मेट लेने गया था न मैं. बाबूजी बोले, आपकी बिटिया ने तो साफ मना कर दिया, बोली मराठी ही रखिए." थोडं हसले. "दूसरे दिन फैक्ट्री में सबको जलेबी खिलाई थी मैंने."

"मग आई एवढं बोलायची तेव्हा सांगितलं का नाही तुम्ही? एवढी वर्षं?"

त्यांनी पुढची शेंग उचलली.

"तू सामने ही तो बैठी थी," ते म्हणाले. "मुझे लगा, तू बोलेगी."

खाली कुकरची शिट्टी झाली. बाबा उठले, भांडं उचललं आणि जिन्याकडे गेले. मी सालं गोळा करत तिथंच बसून राहिले.