दोन चुली, एक श्राद्ध

आनंदीकाकूंची साक्ष घ्यायला कोर्टाने घरीच कमिशनर पाठवला. साठीच्या विधवेला कचेरीत उभं करायला कुणी तयार नव्हतं. साल एकोणीसशे सव्वीस. काशीत अमृतराव घाटामागच्या त्या घरात काकू अकराव्या वर्षी सून म्हणून आल्या आणि एकविसाव्या वर्षी विधवा झाल्या. तेव्हापासून सोवळ्यातला स्वयंपाक त्यांच्याच हातचा.

दावा त्यांच्या पुतण्यांचा होता. थोरला वेणीमाधव यात्रेकरूंची भिक्षुकी करी, धाकटा बिंदुमाधव शाळेत शिकवी. भिक्षुकीच्या उत्पन्नातून पुढे वेणीमाधवने यात्रेकरूंना उतरायला एक घर घेतलं. बिंदुमाधवने त्यात वाटणी मागितली, तेव्हा वेणीमाधव कोर्टात म्हणाला, "आम्ही नऊ वर्षांपूर्वीच विभक्त झालो. घर त्यानंतरचं, माझं एकट्याचं." पुरावा काय, तर धाकट्याची चूल वेगळी.

चूल वेगळी होती हे खरं. शाळा दहाची, आणि काकूंचा नैवेद्य बाराच्या आत कधी झाला नाही. देवाच्या आधी कुणी जेवायचं नाही. एकदा उपाशी बिंदुमाधव वर्गात चक्कर येऊन पडला, तेव्हा काकूंनीच त्याच्या बायकोला, शरदिनीला, माडीवर चूल मांडून दिली होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी वेणीमाधव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसला.

"काकू, खोटं बोलू नकोस. चुली दोन, एवढंच सांग."

"आणि पुढचं विचारलं तर?"

"तुला ऐकू कमी येतं."

"कधीपासून? सकाळपासून?"

तो हसला नाही. "तुझं अन्नवस्त्र माझ्याकडे आहे, एवढं ध्यानात ठेव."

काकूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिशनरसाहेबांनी विचारलं, "माताजी, घर में दो चूल्हे हैं?"

"हैं."

वेणीमाधवच्या वकिलाने कागद आवरायला घेतले.

"और कुछ कहना है?"

काकूंनी पदर सावरला आणि थोरल्या दिरांचा, म्हणजे पुतण्यांच्या बापाचा, विषय काढला. "जेठजी का श्राद्ध एक ही होता है. रसोई मैं करती हूँ." मग त्या पुतण्याकडे वळल्या. "वेणी, भाऊ वेगळे झाले की बापाचं श्राद्ध ज्यानं त्यानं करायचं, हे तूच यजमानांना सांगतोस ना? मग नऊ वर्षं तू एकट्यानंच कसं केलंस? बिंदूला का नाही करायला लावलंस?"

कमिशनरसाहेबही काशीचे ब्राह्मण, घाटावरची मराठी त्यांना कळे. त्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. त्यांनी लेखणी थांबवून वेणीमाधवकडे पाहिलं. विभक्त होतो म्हणावं, तर सख्ख्या भावाला नऊ वर्षं श्राद्धावाचून ठेवणारा भिक्षुक म्हणून घाटावर नाव झालं असतं.

वकील काही बोलू लागला. वेणीमाधव म्हणाला, "राहू द्या, वकीलसाहेब. एकत्रच होतो."

महिन्याभरात समेट झाला. दोन्ही घरं निम्मी निम्मी झाली आणि काकूंचं अन्नवस्त्र दोघांवर लिहिलं गेलं. वेणीमाधव पितृपक्षापर्यंत बोलला नाही. मग तिथीच्या आदल्या दिवशी दाराशी येऊन त्याने विचारलं, "उद्या आमचा स्वयंपाक करशील ना?"

"तुझा आधी. मग माडीवरचा. बिंदूला आता श्राद्ध वेगळं करावं लागणार."

"दोन दोन ठिकाणी झेपेल तुम्हाला?" शरदिनीने वरून विचारलं.

"मला झेपेल. तुझ्या सासऱ्यांना दोनदा जेवण झेपतंय का बघू."

दोन्हीकडची पानं उठल्यावर काकू माडीवर पोटभर जेवल्या, आणि कित्येक महिन्यांनी दुपारी निवांत झोपल्या.