गुंजा म्हणून हाक कुणी मारली?

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. उलट मी पक्की संशयी... मूळची नांदेडची, पण लातूरजवळच्या एका मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डची सिस्टर होते. नावं बदलून लिहिते आहे.

लातूरच्या भूकंपाला तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. आमचा सकाळचा राउंड म्हणजे खाटेच्या पायथ्याशी डॉक्टरांचा घोळका, इंग्रजीत दोन वाक्यं, गोळी वाढवा नाहीतर कमी करा, पुढची खाट. नव्या मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या आणि त्यांनी हे बंदच केलं. व्हरांड्यात गोल खुर्च्या मांडायच्या, डॉक्टरांनीही बसायचं आणि प्रत्येकीशी नाव घेऊन बोलायचं. मला ही सगळी नाटकं वाटायची.

वॉर्डात एक बाई होती. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून काढलेली, दवाखाने फिरत फिरत आमच्याकडे आलेली. ना नाव माहीत, ना गाव. ती बोलायचीच नाही. आम्ही नुसतं 'मावशी' म्हणायचो.

एका सकाळी राउंडला एक नवी मुलगी होती — नसीम. जळकोटच्या टेलरची पोरगी, लातूरला क्लाससाठी राहिलेली. झोप उडाली, एकटीच बडबडायला लागली, म्हणून आदल्या दिवशी ॲडमिट केलेली. मॅडमनी मावशीला विचारलं, "तुमचं नाव काय हो?" तेवढ्यात शेजारून नसीम बोलली... आवाज तिचाच, पण सूर एखाद्या म्हातारीचा —

"गुंजे, ऊठ की गं बाय. किती निजतीस?"

मावशी ताडकन उभी राहिली. "उठले गं आई," म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

सगळे थक्क. मला मात्र वाटलं, हे मॅडमनीच पढवलेलं. नवा राउंड किती गुणकारी, ते दाखवायला! मी नसीमला बाजूला घेतलं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"काय, सिस्टर? मी तर काहीच बोलले न्हाई."

तिचे अब्बा भेटायला आले, त्यांनाही खोदून विचारलं. "गुंजा? आमच्या घरात असं नावच न्हाई कुणाचं. भूकंपाकडच्या गावात आमचं कुणी न्हाई. अन् पोरगी तर भूकंपाच्या नंतर जन्मलेली हाय," ते म्हणाले. त्यांना माझा रागच आला असावा.

मावशी हळूहळू बोलायला लागली. गावाचं नाव सांगितलं, भावाचं सांगितलं. मॅडमनी गावात निरोप धाडला आणि भाऊ आला. बहीण गेली समजून त्यानं तिचं दिवसपाणी केलेलं. तिला बघून तो दारातच खाली बसला.

"गिरिजे..." एवढंच म्हणाला.

मी लगेच पकडलं. "गिरिजा? मग गुंजा कोण?"

त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. "हे तुमाला कुणी सांगितलं ताई? त्या नावानं फकस्त आमची आई हाक मारायची हिला. आमी भावंडं सुदिक न्हाई. आई त्या पहाटंच गेली... घराखाली."

तोवर नसीम बरी होऊन घरी गेली होती. गिरिजाबाईही भावाबरोबर गेल्या. नंतर मॅडमना मी सरळच विचारलं — तुम्ही काही केलं होतंत का? त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी तर तुमच्यावर संशय घेत होते!"

माझा संशय अजून गेलेला नाही. फक्त तो घ्यायचा कुणावर, तेच कळत नाही.