शड्डूच्या वेळी जाणारं नेटवर्क

अजूनही एखाद्या तालमीवरून जाताना शड्डूचा आवाज कानावर आला की ते प्रकरण डोळ्यांपुढं उभं राहतं, आणि हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडं जातो. रेंज आहे का, ते बघायला. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, एकदा तर जीप खांद्यावर घेऊन ओढा पार केला. (जीपमधल्या हवालदारांना विचारा. एक तर झोपेतच पलीकडं पोचला.) तरी कुणी आठवण सांगा म्हटलं की मी हीच सांगतो.

निवृत्तीला काही महिने उरले होते. माझ्याकडं पन्हाळ्याच्या बाजूचं एक ठाणं होतं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं मला आधी जेवायला बोलावतील आणि मग भांडतील, आणि तिथला पांढरा रस्सा समोर असताना मला नीट भांडता येत नाही.

त्या गावात पूर्वी नेट असं होतं की बारशाचा फोटो मामाला पोचेपर्यंत बाळ शाळेत जायचं. मग कंपनीनं टॉवर सुधारला. नव्या केबली, नवे अँटेने, खाली यंत्रांची नवी पेटी. टॉवर होता तालमीच्या गच्चीवर. गावात तेवढी उंच इमारत दुसरी नव्हती, आणि टॉवरच्या भाड्यातून पैलवानांच्या दुधाबदामाची सोय व्हायची. सुधारणा झाल्यावर नेट असं पळायला लागलं की गाणं नुसतं मनात आणलं तरी वाजायचं.

आणि मग ते जायला लागलं. रोज. पहाटे एकदा आणि दिवस कलताना एकदा. सगळं ठप्प, आणि तासाभरानं आपोआप परत. गावानं तोवर सगळा संसार मोबाइलवर टाकलेला. नदीवरच्या मोटारी घरबसल्या फोनवरून चालू-बंद करायची सवय लागलेली. आता चालू झालेली मोटार बंद होईना आणि ऊस पोहायला लागला. एका संध्याकाळी अख्खं गाव ठाण्याच्या दारात आलं. प्रत्येकाचा हात वर. मला वाटलं, शरण आलेत. बघतो तर रेंज शोधत होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे विभागीय साहेब फिर्याद घेऊन आले. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. यंत्र बिघडलेलं नाही. कुणीतरी पेटी किल्लीनं उघडतं, आतले दोन खटके खाली ओढतं, एक विजेचा आणि एक बॅटरीचा, आणि काम झालं की परत वर करतं. किल्ली आणि खटके दोन्ही माहीत असलेला माणूस एकच, टॉवर सांभाळणारा तंत्रज्ञ. बिघाड झाला की त्याला फेरीचा भत्ता मिळतो, म्हणून तोच हे करतो. त्याची किल्ली काढून घेतली तरी नेट जायचं थांबलं नव्हतं, म्हणजे त्याच्याकडं दुसरी असणार. पेटीचं नवं कुलूप पुण्याहून यायचं होतं, आणि पुण्याहून आमच्याकडं वेळेवर फक्त सूचना येतात. साहेबांनी तंत्रज्ञाला घरी बसवलं होतं. सोमवारपर्यंत पोलिसांनी दुसरं नाव दिलं नाही तर त्याची नोकरी जाणार होती आणि गुन्हाही त्याच्याच नावावर दाखल होणार होता.

मी त्याला बोलावून घेतलं. तिशीचा गडी, गावातल्या जुन्या मुसलमान घरातला. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आता बंद पडलेलं, घरात पगार आणणारा हा एकटा. दारातून आत आला तो आडवा होऊन. उभा मावेना. कान मोडलेले, पैलवानाचे असतात तसे. विचारलं तर म्हणाला, याच तालमीत लहानाचा मोठा झालो, गुडघा गेला म्हणून कुस्ती सुटली.

चौकशीची माझी पद्धत साधी. मी चहा पाजतो आणि गप्प बसतो. शांततेला माणूस जेवढा घाबरतो तेवढा दांडक्याला घाबरत नाही. माझ्यापुढं गप्प बसून भल्याभल्यांनी आजोबांच्या काळातले गुन्हेसुद्धा कबूल केलेत. पण हा गडी माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसला. चहा तेवढा पीत राहिला. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"दुसरी किल्ली हाय?"

"हाय साहेब."

"कुणाकडं?"

तो कपाकडं बघत राहिला. तेवढ्यात माझ्या टेबलावरच्या मोबाइलमधून रेंज गेली. दिवस कलायला आलेला. संशयित माझ्यासमोर बसलेला, हातात बशी, आणि तिकडं खटके खाली ओढले गेलेले. म्हणजे करणारा दुसराच होता आणि याला तो ठाऊक होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. रेंज गेल्यावर गावातला प्रत्येक माणूस शिवी देत होता. हा हलकासा हसला आणि परत गंभीर झाला.

माझा पहिल्या दिवसापासून खऱ्या माणसावरच संशय होता, हे इथं सांगून ठेवतो. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

तालमीच्या जिन्याशी मी साध्या कपड्यांत एक हवालदार बसवला. त्याच गावचा, डोळ्यांनी असा तेज की पन्हाळ्यावरची शेळी गाभण आहे की नाही ते खालून सांगायचा. गच्चीवर जायला तेवढा एकच जिना. संध्याकाळी नेट गेलं, परत आलं. हवालदाराला विचारलं, वर कोण गेलं? कोण न्हाय साहेब. पहाटे तेच, संध्याकाळी परत तेच. स्टेशन डायरीला नोंद काय करायची? खटके स्वतःच खाली बसतात म्हणून?

रविवारी सकाळी तालमीशेजारच्या पिठाच्या गिरणीची मालकीण ठाण्यात आली. भुवया, पापण्या सगळ्या पांढऱ्या. रेंज गेली की तिच्या गिऱ्हाइकांचे मोबाइलवरचे पैसे अडकायचे, आणि लोक दळण उचलून उद्या देतो म्हणत पसार व्हायचे. मला वाटलं, तेच रडगाणं असणार. खुर्ची दिली. ती काही बसली नाही.

"तुमी सगळी टॉवर बघत बसल्यात," ती म्हणाली. "मी तालीम ऐकतो. नेट गेलं की शड्डू सुरू होतोय, साहेब. नेट आलं की बंद. आदी टॉवर नवा झाला तवा तर तालमीत चिडीचूप झालंतं. माझ्या गिरणीचा आवाज मलाच सोसंना."

एवढं बोलून ती गेली. खुर्चीवर पिठाचा हात उमटला होता. पंचवीस खबऱ्यांची बातमी त्या एका वाक्यात होती.

मी हवालदाराला बोलावलं आणि प्रश्न बदलला. कोण आलं होतं, असं नाही विचारलं. म्हटलं, जिन्यावर पाय कुणाचे पडले, तेवढं सांग.

"वस्ताद तेवढं वर गेलते की, उदबत्ती घेऊन."

"मग कोण न्हाय म्हणालास?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं विचारलंय. "वस्ताद म्हंजे कोण व्हय, साहेब? वस्ताद ते वस्ताद."

खोटं बोलत नव्हता तो. ते जिन्यावर आले की हा उठून उभा राहायचा, पाया पडायचा, बाजूला सरकायचा आणि परत पहाऱ्याला बसायचा. वारा वर गेला तर त्याची नोंद कोण करतं?

तालमीत कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांना ठाण्यात बोलवायची सोय नव्हती. माझ्याकडचे निम्मे शिपाई त्यांच्या हाताखालून गेलेले. ते आत आले असते तर ठाणे अंमलदारापासून कोठडीतल्या आरोपीपर्यंत सगळे पाया पडायला रांगेत लागले असते. जबाब कोण घेणार? म्हणून संध्याकाळी मीच गेलो. जिन्याशी थांबलो नाही. दारात बूट काढले, मोजे काढले, आणि हौद्याच्या तांबड्या मातीत उतरलो. ताक, हळद, तेल घालून मळलेली माती. चिमूटभर कपाळाला लावली. पोरांचे जोर थांबले. अंगात वर्दी, पायांत काही नाही, अशा अवताराला पोलीस म्हणावं की पावणं, ते त्यांना कळेना.

वस्ताद सत्तरीपुढचे. मान अशी की तिला गळपट्टा बांधायचा तर पुतळ्याला हार घालतात तशी शिडी लागावी. कान इतके मोडलेले की पावसाचं पाणी साठून त्यावर चिमण्यांची सोय व्हावी. ते मला बघून मातीत आले.

मातीत उभं राहून खोटं बोलायचं नाही, हा तिथला रिवाज. मी त्याच्यावरच विसंबलो होतो.

"वस्ताद, टॉवर कोण बंद करतं?"

"मी," ते म्हणाले. एवढा वेळसुद्धा लावला नाही, की मला पुढचा प्रश्न तयार करता यावा.

मग त्यांनीच सांगितलं. पूर्वी पोरं तालमीत आली की लंगोट बांधायची. टॉवर नवा झाल्यापासून हौद्याच्या कडेला बसून माना खाली घालायला लागली. जोर मारताना एका हातात फोन. एक तर कुस्ती धरल्यावर सुटून गेला आणि फोन बघून परत आला. टॉवर काढा म्हणावं, तर पोरांच्या तोंडातले बदाम त्याच्याच भाड्याचे. तंत्रज्ञानं मागं त्यांना सांगून ठेवलं होतं, की धूर दिसला, जाळ झाला, तर हे दोन खटके खाली ओढायचे. किल्ली मारुतीच्या तसबिरीमागं ठेवली होती.

"मला त्या पोरांच्या डोळ्यांत धूरच दिसायलाय, साहेब," वस्ताद म्हणाले. "म्हणून ओढतो."

मी त्यांना ऊस बुडाल्याचं सांगितलं. मग तंत्रज्ञाचं सांगितलं. नोकरी उद्या जाणार, गुन्हा दाखल होणार. तेव्हा मात्र त्या मानेला पहिल्यांदा बाक आलेला मी बघितला. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. गावातली सगळी चर्चा मोबाइलच्या ग्रुपवर चाललेली, आणि अख्ख्या गावात मोबाइल नसलेला माणूस हा एकच. त्यांच्यासमोर तर कुणी तोंडच उघडत नसे.

"त्यानं माझं नाव न्हाय घेतलं?"

"न्हाय."

ते मातीबाहेर गेले, तसबिरीमागची किल्ली काढली, आणि अंगाची माती न धुताच माझ्याबरोबर जीपमध्ये बसले. जीप एका बाजूला कलली. ठाण्यापर्यंत चालकाला सुकाणू उलट्या बाजूला धरून चालवावं लागलं.

तंत्रज्ञाला मी आधीच बोलावून बाकावर बसवलं होतं, आणि कंपनीच्या साहेबांनाही बोलावलं होतं. ठाण्यात वस्ताद शिरले आणि मी म्हटलं तेच झालं. ठाणे अंमलदार खुर्चीवरून उठला, शिपाई वाकले. कंपनीचे साहेब लॅपटॉप धरून उभे, त्यांना वाटलं कुणीतरी मंत्री आले. तंत्रज्ञही उठून वाकायला लागला. वस्तादांनी त्याला खांद्याला धरून सरळ उभा केला. मातीचे पंजे त्याच्या सदऱ्यावर उमटले.

"तुला म्हाईत होतं?"

"पयल्याच दिवशी, वस्ताद. खटक्यावर माती व्हती."

"मग बोलला का न्हाईस? पोटावर पाय आला तरी?"

तंत्रज्ञ खाली बघत म्हणाला, "वस्तादाचा डाव बाहीर सांगायचा नसतो. तुमीच शिकवलायसा की."

वस्तादांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. "नाव लिवा माझं," म्हणाले. "आन् ह्याच्या नावाचं जे काय लिवलंय, ते माझ्यासमूर खोडा."

कंपनीच्या साहेबांनी तिथल्या तिथं तंत्रज्ञाला कामावर परत घेतल्याचं लिहून दिलं. समोर तेवढी छाती असली की माणसाचं अक्षरसुद्धा सुंदर येतं. वस्तादांवर कायद्याप्रमाणं कारवाई झाली. मी सोडलं असतं, पण ते सुटायला तयार नव्हते. कोर्टात गुन्हा कबूल आहे का विचारल्यावर व्हय एवढंच म्हणाले, आणि दंड भरून आले. पहारा करणारे पोलीस त्यांना चहाला नेऊ नेऊ म्हणत होते. त्यांनी घेतला नाही.

तंत्रज्ञानं पुढं तालमीच्या दारात लाकडी फळ्यांची एक मांडणी ठोकली. खाली चपला, वर मोबाइल. नेट चालू राहतं, मोटारी बंद होतात, आणि शड्डूही वेळेवर वाजतो. गिरणीवाली बाई मात्र म्हणते, आता दोन्ही आवाज एकदम येतात आणि डोकं उठतं.

त्या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. गप्प बसलेला माणूस दर वेळी स्वतःचंच काही झाकत असतो असं नाही. आणि माणसाला जो फार मोठा वाटतो, तो त्याला समोरून गेला तरी दिसत नाही. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत मी पहाऱ्यावरच्या शिपायाला एक जादा प्रश्न विचारायचो. कोण न्हाय साहेब म्हणाला, की मी म्हणायचो, बरं, आता ज्याच्यासाठी उठून उभा राहिलास, त्याचं नाव सांग.