हॅटकाकांच्या हॅटचा भाव

जबलपूरच्या मे महिन्यात लोकरी फेल्ट हॅट घालून सायकल चालवणारा एकच माणूस मी पाहिला. त्यांना आम्ही हॅटकाका म्हणत असू. तोफांच्या कारखान्यात ते फिटर होते. कानशिलांवरून घाम ओघळायचा, पण हॅट उतरत नसे. कोणी टोकलं तर म्हणायचे, "डोकं माहं आहे. तुले काहून घाम येऊन राहिला?"

भाषेवार राज्यं झाली, नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही मराठी माणसं इकडे राहिलो, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. सदर बाजारातल्या एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. इंग्रजी आम्हाला कळत नसे, म्हणून सगळे हॅटकाकांच्या आसपासच्या खुर्च्या धरायचे. काका मोठ्यानं अर्थ सांगायचे. त्यांचं इंग्रजी गोऱ्या फोरमनकडून आलेलं, म्हणजे हत्यारांची नावं आणि शिव्या. बाकीचं ते पदरचं घालत.

अमेरिकेतल्या गुंडांचा एक जुना सिनेमा पुन्हा पुन्हा यायचा. तिकडची दारूबंदी उठल्यानंतरची गोष्ट. चोरटी दारू विकून मोठा झालेला दादा बंदी उठताच बेकार होतो. ट्रक उभे, माणसं पांगलेली. पोलीस दारात आले की काका सांगायचे, "कोतवाल म्हणते, चाल बे, चहा पिऊ." दादाची बायको रडायला लागली की, "हे म्हणते, आता तरी किराणा दुकान टाका!" पडद्यावर गोळीबार आणि आमच्या रांगेत हसण्याचा धुडगूस. मागून कोणी ओरडायचं, "ओ दादा, टोपी उतारो!" तेवढ्यापुरती हॅट काकांच्या मांडीवर यायची.

ती हॅट मला हवी होती. मी तेव्हा लष्करी लिलावातली पिंपं आणि ताडपत्र्या घेऊन हातगाडीवर विकायचो. लोक मला 'ए पिंपवाले' म्हणून हाक मारायचे, आणि माझं डोकं फिरायचं. पडद्यावरच्या दादाची हॅट अगदी तशीच होती आणि तो आत शिरला की सगळे उठून उभे राहायचे. ही हॅट डोक्यावर आली की लोक आपल्याला सेठ म्हणतील, याची मला खात्री होती.

"काका, काय घ्याल बोला."

"तिले भाव नाही."

बाजारात 'भाव नाही' म्हणजे 'अजून वाढव' हे मला पाठ होतं. मी एक कोरी ताडपत्री देऊ केली. मग टेबल फॅन. मग जवळजवळ नवी सायकल. काका म्हणाले, "अबे, सिनेमा पाहा!" मी भडकून निम्म्यातून उठून गेलो. पुढच्या रविवारी माझ्या खुर्चीवर त्यांचा रुमाल टाकलेला. "ये बे. तू नसला तं भांडू कोणाशी?"

अशी आठ वर्षं गेली. काका रिटायर झाले, वर्ध्याला भावाकडे निघाले. शेवटच्या रविवारी नेमका तोच सिनेमा होता. बाहेर पडताना तिकिटं फाडणारा रामदीन म्हणाला, "दादा, जा रहे हो? ये टोपी हमको दे दो ना."

"ले भैया," म्हणत काकांनी हॅट काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. काकांचं कपाळ वरच्या अर्ध्या भागात गोरंपान होतं. ते मी पहिल्यांदाच उजेडात पाहिलं.

मी तिथेच पेटलो. "आठ वर्षं मी मागून राहिलो, अन् त्याले फुकट?"

"तू कधी मागितली बे? तू भाव विचारला." काका शांतपणे सायकलचं कुलूप काढत होते. "फोरमन विलायतेले चालला तवा म्या मागितली, त्यानं देऊन टाकली. फुकटच्या वस्तूचा भाव कुठून सांगू?"

हा राग माझा अजून गेलेला नाही. एवढंच होतं तर पहिल्या वर्षीच सांगायचं होतं!

आज विजय नगरात माझी दोन दुकानं आहेत. पण त्या वेळी हातगाडीच होती. पुढच्या रविवारी पक्कं ठरवून टॉकीजवर गेलो: भाव विचारायचा नाही, सरळ मागायची. रामदीन हॅट घालून दारात उभा होता. मी तोंड उघडलं आणि सवयीनं निघून गेलं, "क्या लोगे, रामदीन?"

त्यानं हॅट जरा तिरकी केली आणि माझं तिकीट फाडलं.

"इसका भाव नहीं है, सेठ."