ओढ्याला विचारून जाणारे घरमालक

आमच्या घरमालकांइतका भित्रा आणि त्यांच्याइतका धाडसी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि हे दोन्ही गुण त्यांच्या अंगात सख्ख्या भावांसारखे गुण्यागोविंदानं नांदत. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या लष्करी कारखान्यात त्यांनी तीस वर्षं अवजड गाड्या चालवून तपासल्या होत्या. दारात चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप होती, आणि तिला ते घरच्या म्हशीसारखं रोज न्हाऊमाखू घालत. पण त्या जीपमधून ते कधी बाजारात गेले असतील तर शपथ! कोथिंबिरीची जुडी आणायलाही छत्री घेऊन चालत जायचे. मी एकदा कारण विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "अय्यो, मद्रासच्या रस्त्यावर गाडी काढणें धोक्याचें. डोंगरांत भय नाही. तेथे समोरून कोणी येत नाही." त्यांची मराठी तंजावरची, म्हणजे बखरीतून उठून तमिळ हेल काढत चालत आलेली. मी सांगलीचा, नोकरीसाठी मद्रासबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आलेला. पहिले सहा महिने त्यांचं निम्मं बोलणं मला आदरानंच ऐकावं लागलं.

पाऊसकाळ सरला की आंध्रच्या हद्दीवरच्या डोंगरांतले ओढे भरून वाहतात. तेव्हा ते आम्हा नवराबायकोला मुक्कामाला नेत. तंबू, दोर, फावडं यांच्याआधी जीपमध्ये चढायचं ते पितळी कॉफी फिल्टर. धबधब्याखाली उभं राहूनही कॉफी डबरा-टंबलरमधूनच, म्हणजे पितळी वाटी-पेल्यातूनच प्यायची, हा त्यांचा कुलाचार. शिवाय वाटेत ओढा आला की गाडी थांबलीच. ते वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीवजा धोतर, गुडघ्यावर खोचत, बांबू घेत आणि पाण्यात उतरून पार पलीकडे चालत जात. मग परत येत. मग गाडी. धबधब्यापर्यंत पाच ओढे, म्हणजे ते डोंगर निम्मा पायीच ओलांडत. मी वैतागलो की म्हणत, "पाण्याचें मन वरून कळत नाही. पायानें विचारावें."

धबधब्याच्या डोहात मात्र हा माणूस चष्मा दोऱ्यानं कानामागे बांधून उताणा पडे आणि फळीसारखा तरंगत राही. मला पोहता येत नाही हे कळल्यावर त्यांना धक्काच बसला. "कृष्णाकाठचे तुम्हीं, आणि पोहणें येईना?" म्हणून त्यांनी माझ्या पाठीखाली हात धरून मला पाण्यावर निजवलं. काठावर बायको हसून लोळत होती. हात त्यांनी कधी काढून घेतला ते मला कळलंही नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी दुपारी आम्ही परत निघालो. वर डोंगरात कुठंतरी पाऊस झाला असावा. दुसऱ्याच ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं. ते बांबू घेऊन उतरले, मध्यापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि मागे फिरले.

"आज नाही," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी आमच्या कारखान्यात बाहेरचे तपासनीस यायचे होते. माझा तोल गेला. "काका, पाणी जेमतेम मांडीएवढं आहे! मग ही चार चाकांची गाडी काय मिरवायला आणली?"

त्यांनी शांतपणे किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तुम्हीं न्या. पण अम्मांना येथे उतरवा."

अम्मा, म्हणजे माझी बायको, केव्हाच उतरली होती. मी चाकामागे बसलो, पाण्याकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांनी गुपचूप खाली आलो. त्यांनी स्टोव्ह पेटवला, माझ्या हातात टंबलर दिला आणि पाण्याकडे बघतच बोलू लागले. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका ओढ्यात त्यांनी न उतरता गाडी घातली होती. गाडी कलंडली. शेजारी त्यांची बायको होती.

"ती वांचली," ते म्हणाले. "देवाची कृपा. पण त्यानंतर ती ह्या गाडींत बसली नाही. रागावली नाही हो. नुसती बसली नाही. मी दरसाल विचारीं, ती हंसून नको म्हणे. जाईपर्यंत."

मी किल्ली परत दिली, तेवढंच.

रात्र तिथंच काढली. सकाळी टेकडीवर चढून मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तपासनीसच बुधवारी येणार आहेत. दुपारी पाणी निवळलं. काका पलीकडे जाऊन आले आणि होकाराची मान डोलवत म्हणाले, "सेरी, चला."

नेहमीप्रमाणे मी मागे चढलो, आणि तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघं कायम मागेच बसत आलो होतो. पुढच्या जागेवर तंबूची पिशवी असे. बायकोनं ती पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पहिला गिअर टाकून, बाळाला न्हाऊ घालावं तशा हातानं, त्यांनी गाडी पाण्यात सोडली.

पलीकडच्या काठावर चढून त्यांनी गाडी थांबवली. चाकांखालून पाणी निथळत होतं.

"अम्मा, भीति वाटली काय?"

"नाही काका," ती म्हणाली. "मुळीच नाही."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून वेष्टीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. पुढे आणखी तीन ओढे होते. पण त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि त्या दिवशी मलाही नव्हती.