गडग्यापलीकडचे तांबडे बोंडू

“हिच्या झाडांका तांबडे बोंडू कधीपासून धराक लागले गो?”

काजूबिया काढायला आलेल्या दोन बायकांपैकी एकीने दुसरीला हळूच विचारलं. दुसरी पदर तोंडाला लावून हसली. मी त्यांच्या जवळच वजनाचा हुकाचा काटा हातात धरून उभी होते. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला मालवणी कळत नाही, असं आमच्या वाडीत पुष्कळांना वाटतं. मी तो समज कधी दूर केलेला नाही. गप्प राहायला तो बरा पडतो.

बाग शेजारच्या मावशीची होती. नात्याने ती माझी मावशी नव्हे, पण लहानपणापासून मी तिला तेच म्हणते. नवरा गोव्यात कामाला आणि ही इथे एक गाय आणि काजूची जुनी झाडं सांभाळून. तिच्या झाडांना पिवळे बोंडू, म्हणजे बी लागलेली रसाळ फळं, येतात. तांबडे येतात ते आमच्या झाडांना, मधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे. पण आज तिच्या बाजूला, गडग्याला लागून तांबड्या बोंडूंचा ढीग पडला होता. फुटलेला, आंबलेला, वर माश्या घोंगावत असलेला.

आमच्याकडे हंगामात बी पिरगळून काढून घेतात आणि बोंडू झाडाखालीच टाकून देतात. गुरं खातील तेवढे खातात, बाकीचे कुजतात. किती कुजतात हे कुणी कधी मोजलं नव्हतं. यंदा एका संस्थेची माणसं ते मोजायला आली होती. गावातल्या बचत गटाला रस काढायचं यंत्र मिळणार होतं आणि ज्या बागेत नासाडी सगळ्यात कमी, तिथल्या अंगणात ते बसणार होतं. मावशीला ते हवं होतं. यंत्र आलं तर नवऱ्याला घरी बोलावून घेईन, असं ती वाडीभर सांगत होती. पडलेले बोंडू ती रोज उचलायची. काही गाईला, बाकीच्यांचा रस. त्यामुळे तिला खात्रीच होती.

वजन करून आकडा मोठ्याने सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते लगेच घेतलं. आकड्यांपलीकडे काही बोलावं लागणार नव्हतं.

सकाळी आधी आमची बाग मोजली. सत्यनारायणाला अंगण झाडावं तशी ती झाडलेली होती. थोडे ताजे बोंडू सापडले, तेवढेच. मी आकडा सांगितला. संस्थेच्या मोठ्या बाई ‘आदर्श बाग’ म्हणाल्या आणि बाबांनी हात जोडले. तेव्हा त्यांच्या बाहीवरचा डाग मला दिसला. काजूच्या रसाचा डाग कशाने जात नाही. आदल्या संध्याकाळी घमेल्याचा आवाज मी ऐकला होता, खताचा खड्डा भरत असतील असं समजून पुस्तकात डोकं घातलं होतं. ती घमेली खड्ड्यात गेली नव्हती, हे आता कळलं. तरी मी काटा उचलला आणि सगळ्यांच्या मागून गडगा ओलांडला.

बाबांना यंत्र नको होतं, हे मला माहीत आहे. आपली मुलगी काटा घेऊन गावभर फिरणार आणि तिच्याच बागेत लोकांच्या पायाखाली बोंडू फुटणार, एवढंच त्यांना नको होतं. ही लाज माझ्या ओळखीची आहे. शाळेत असताना या दिवसांत माझ्या दप्तराला आंबूस वास यायचा आणि बाकावरची मुलगी सरकून बसायची. घरी आल्यावर मी आईला दप्तर उन्हात ठेवायला लावायचे. का, ते कधी सांगितलं नाही.

मावशीने पाहुण्यांसाठी स्टीलच्या पेल्यांतून बोंडूचा रस भरून ठेवला होता. ढीग बघितल्यावर कुणी पेल्याला हात लावला नाही. बाईंनी तिला समजुतीच्या सुरात विचारलं, की तुम्ही तर रोज उचलता म्हणाला होतात. मावशीने ढिगाकडे पाहिलं, मग गडग्याकडे, मग बाबांकडे. बाबा झाडाच्या शेंड्याकडे बघत होते. मजुरीला आलेल्या बायकांना जे कळलं ते तिला कळलं नसेल असं कसं म्हणू?

“मावशेन गायीक उपास धराक लायल्यान काय?” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. बाबाही थोडेसे हसले.

मावशीने खाली वाकून स्वतःच पाटी भरायला घेतली. हात कोपरापर्यंत चिकट झाले. गडग्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही. पाटी भरल्यावर ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “काय आसा ता सांग गो बाय.”

मी पाटी हुकाला लावली. काटा हलला आणि थांबला. बाईंनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. आकडा दिसत होता, तोंडात येत नव्हता. घरी संध्याकाळी बाबांसमोर जेवायला बसायचं आहे, हे मनात आलं. बाईंना वाटलं मला वाचता येत नाहीये, त्या जवळ येऊ लागल्या.

“हे बोंडू मावशीचे न्हय,” मी म्हटलं. “आमचे आसत.”