अवसेची सुनावणी

मांडव्याजवळच्या एका बंगल्यात मी सहा वर्षं स्वयंपाक केला. बंगला एका कंपनीचा. ती लष्कराला बोटी आणि आणखी काय काय पुरवायची. देशाच्या संरक्षणाचा बराचसा भाग आमच्या व्हरांड्यात व्हायचा, आणि माझ्या तळलेल्या बोंबलांशिवाय तो पुढे सरकत नसे. शनिवारी मुंबईहून कॅटमरान बोटीने पाहुणे यायचे: कधी खरेदी खात्यातले, कधी एखादे आमदार, कधी दिल्लीचं कोणीतरी. लाच हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. पाहुणचार म्हणायचे.

या पाहुणचाराचे कारभारी होते एक निवृत्त मोठे साहेब. नोकरीत असताना ते या कंपनीच्या बोटी पारखून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर त्याच बोटी आपल्या जुन्या हाताखालच्यांना विकायला लागले. माणूस मात्र गोड. मला ताई म्हणायचे, जेवण झालं की आत येऊन हात जोडायचे. आमच्या घरच्या पुरुषांनी ताटावरून उठताना कधी ‘बरं झालंय’ म्हटलेलं मला आठवत नाही, तेव्हा मी विरघळले यात नवल ते काय.

मग कळलं, कंपनीला बिनमाणसाच्या बोटी चालवून बघायला समुद्र हवा आहे. एवढा मोठा दर्या पडलाय, पण नकाशावर साहेबांचं बोट नेमकं आमच्या कोळीवाड्यासमोर टेकलं. तिथे माझ्या भावाचे खुंट आहेत. खुंट म्हणजे दर्याच्या तळात रोवलेले लाकडी खांब. त्यांना डोल जाळं बांधलं की पाण्याच्या ओढीने मासळी आपसूक आत येते. जागा आजोबांपासूनची, पण दर्याला सातबारा नसतो, नकाशात तिथे नुसता निळा रंग. ती जागा गेली तर भावाची होडी किनाऱ्यावर वाळत पडणार होती.

कायदा म्हणतो, आधी गावाचं ऐका. एके दुपारी साहेब चहाचा कप घेऊन ओट्याशी आले.

“ताई, तुमची माणसं घरी कधी सापडतात? सगळ्यांना यायला जमलं पाहिजे.”

मी पाघळले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून शिकवणीच घेतली. “अष्टमीच्या आसपास भांग असतो साहेब, पाण्याला ओढ न्हाय, जाळं भरत न्हाय. तेव्हा सगळे घरी. अवसेला नि पुनवेला उधाण. तेव्हा कोळीवाड्यात मांजरसुद्धा गावायचं न्हाय.”

साहेबांनी वहीत टिपून घेतलं. मोठी माणसं किती बारीक विचार करतात, असं मला वाटलं.

नोटीस लागली. सुनावणी अवसेला, सकाळी अकरा वाजता.

भावाने तारीख बदलायचा अर्ज दिला. तो विचाराधीन झाला आणि तसाच राहिला. ऐन उधाण सोडून घरी कोण बसणार? पुरुष दर्यावर, बायका बंदरावर मासळीची वाट बघत. आपण तरी जाऊन बोलावं असं मी ठरवलं होतं. पण त्याच दिवशी साहेबांनी पाहुण्यांचं जेवण सांगितलं. खोटं कशाला बोलू, नोकरीला घाबरले.

सुनावणीला दोन म्हातारे गेले, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. ‘कोणाचीही हरकत नाही’ असं लिहून अधिकारी, आमदार अशी सगळी मंडळी बंगल्यावर जेवायला आली. बोंबील ताजे होते, भावाच्याच जाळ्यातले. आमदारांनी दोनदा मागून घेतले आणि स्थानिक जनतेच्या देशप्रेमाचं तोंड भरून कौतुक केलं. स्थानिक जनता आत तेल तापवत होती. मला माझीच किळस आली, तरी मी तिसरा घाणा काढला.

संध्याकाळी घरी भावाला ताट वाढलं. त्याला सकाळचं सगळं कळलं होतं.

“बाय, आपलं उधान त्यांना कोनी सांगतलं?”

“कॅलेंडरात असतं की दादा,” मी म्हटलं.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

“कॅलेंडरान अवस आसते,” तो म्हणाला. “त्या दिसी आमी घरान नसतो, ते नसते.”

मग माझ्याकडे न बघता त्याने ताट बाजूला सारलं आणि उठला.